बाकड्यावरची पाच गावं

सुनंदा गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही. ते मी मशीनच्या पडद्यावर वाचलं. दुपारचे बारा वाजून गेले होते आणि माझ्या हातात चहाची किटली होती. सरांनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, आणि पहिला निरोप आला तो सुनंदाच्या वाडीचा. ‘जीप पाठवू नये. पेशंट साडेदहाला मयत. बाळ पोटातच.’ खाली नाव होतं, सासरच्या आडनावासकट. मी चौथीपर्यंत शिकले आहे, तेवढं मला वाचता येतं. सरांनी पडद्यावर हात ठेवला, पण तोवर माझं वाचून झालं होतं. किटली खाली ठेवून मी बाहेर पाहिलं. जीप अंगणात उभी होती. सकाळपासून ती तिथंच उभी होती.

सुनंदा माझी एकुलती मुलगी. ते मशीन चालवायचे ते सर. तरी हे मी सरांविषयी लिहिते आहे. लोकांना वाटतं मी त्यांना शिव्या द्याव्यात. त्या देऊन झाल्या. देऊन झाल्यावर जे उरलं ते लिहिते.

भोरात त्यांना सगळे बाकडेवाले सर म्हणायचे. एसटी डेपोच्या मागच्या बाजूला, गावोगावी दवाखाने चालवणाऱ्या आमच्या संस्थेच्या दोन खोल्या होत्या. एकीत डॉक्टर बसायचे, दुसरीत सर आणि त्यांची मशीनं. मी तिथं झाडलोट करायची आणि चहा करायची. सरांच्या दाराबाहेर शाळेनं टाकून दिलेलं एक लांब बाकडं होतं. त्यावर त्यांनी पांढऱ्या रंगानं एक ते पाच आकडे घातले होते. कुणी औषधाच्या कार्डासाठी यायचं, कुणी दाखल्यासाठी. पाच माणसं बसली की सहाव्याला सर दारातूनच परत पाठवायचे. त्याची जात, वय, ओळख काही बघायचे नाहीत. एकदा एक म्हातारा डोंगरातून आला तो हटूनच बसला.

“अवो सर, हिर्डोशीवरनं आलोय. उभा ऱ्हातो की.”

“उभं राहायचं नाही, काका.”

“मंग खाली बसतो, हितं पायरीवर.”

“पायरीवर पण नाही. तुमचा नंबर आज लागत नाही. आत्ताच सांगतो, म्हणजे अकराची एसटी तरी मिळेल.”

“काय मानूस हाय! ह्यो तर कचेरीतल्या सायबाच्या वरताण.”

“कचेरीतला साहेब बसवून ठेवतो, काका. मी ठेवत नाही. उद्या या, पहिला नंबर तुमचा.”

म्हातारा शिव्या घालत गेला. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा एक आकड्यावर सरांनी आपला रुमाल टाकून ठेवला होता. “नाही म्हणायचं तर दारात म्हणावं,” असं ते नेहमी म्हणायचे. “बसवून ठेवून मग नाही म्हणणं म्हणजे माणसाचा दिवस चोरणं.” हे त्यांना घरातून आलं होतं. त्यांचे अब्बा कंडक्टर होते. नोकरी संपल्यावर एका कागदासाठी ते कुठल्याशा कचेरीत रोज जाऊन बसायचे आणि रोज संध्याकाळी तिथला साहेब त्यांना उद्या या म्हणून सांगायचा. कागद मिळायच्या आधी अब्बा गेले. सर हे एकदाच बोलले, तेही कप विसळता विसळता. आपला कप ते कधी मला विसळू द्यायचे नाहीत. “मावशी, तुमचं काम वाढवायचा पगार नाही मला,” म्हणायचे.

त्यांचं खरं काम मशीनचं. भोर आणि वेल्हे मिळून डोंगरातल्या आठ गावांत संस्थेचे छोटे दवाखाने होते. प्रत्येक ठिकाणी एक नर्सबाई. पूर्वी या बायका ऑफिसात फोन करायच्या. एक तर फोन लागायचा नाही, लागला तर उचलणारा भलतंच लिहून घ्यायचा. एकदा लहान मुलाच्या तापाचं औषध मागितलं तर कुत्र्याच्या चाव्याचं इंजेक्शन गेलं. मग सरांनी आठ गावांत मशीनं बसवली. फोनच्या तारेवरून ती भोरच्या मशीनला गाठायची. नर्सबाईनं निरोप लिहायचा, इथं घंटी वाजायची, सर वाचायचे आणि औषध किंवा जीप रवाना करायचे. भोरच्या मशीनला ते सर्व्हर म्हणायचे आणि त्याच्या दाराला सॉकेट. मी म्हटलं, सॉकेट तर भिंतीवर असतं, दिव्याचं. ते म्हणाले, “हे पण तसलंच. त्यात पिन घुसते, यात गावं घुसतात.”

त्यांच्या मशीनविषयी विचारलं की सरांना बरं वाटायचं. ऑफिसात दुसरं कुणी विचारायचं नाही. एकदा मी विचारलं, “सर, आठी गावं एकदम बोलाय लागली तर मशीन ऐकतं कुनाचं?” तर मला हाताला धरून बाहेर बाकड्यापाशी घेऊन गेले.

“हे बघा मावशी. मी आत बसलोय. एका वेळी एकाचंच ऐकतो, कारण जीप एक आणि डॉक्टर एक. दाराशी एक शिपाई आहे असं समजा. बाहेरून माणूस म्हणतो, येऊ का? शिपाई म्हणतो, या, बसा. माणूस म्हणतो, बसलो. एवढं झालं की त्या माणसाच्या लेखी तो पोचला. मला मात्र अजून पत्ता नाही. मी आतल्याचं काम संपवणार, मग पुढचा म्हणणार, तेव्हा शिपाई बाकड्यावरचा पहिला माणूस आत सोडणार.”

“शिपाई तुमाला इचारत न्हाई, बसवू का म्हनून?”

“नाही. शिपाई माझा नाही, मशीनचा. मी त्याला एवढंच सांगून ठेवलंय की बाकडं पाच जणांचं. सहावा आला तर दारातनंच परत पाठव.”

“आनि बाकड्यावर कोन बसलंय ते तुमाला आतनं दिसतं?”

“तेही नाही.”

“मंग त्या नर्सबाईला तरी कळतं का, आपुन आत गेलो का भाईरच हाय?”

सर बाकड्याच्या कडेवर टेकले. मग म्हणाले, “नाही कळत. तिच्या पडद्यावर ‘जोडणी झाली’ असं येतं. तिनं निरोप लिहिला तर ‘पाठवला’ असंही येतं. तो निरोप तिच्या मांडीवर पडून असतो, तिथं बाकड्यावर.”

“मंग तुमचं लाकडाचं बाकडं बरं की. हितं मानसाला निदान कळतं, आपुन भाईर बसलोय.”

त्यांनी खिशातली वही काढली आणि लिहिलं, ‘बाहेर बसलेल्याला तो बाहेर आहे हे सांगणे.’ खाली दोन रेघा मारल्या. त्यासाठी आठही गावांतली मशीनं एकेक करून उघडावी लागणार होती, आणि पावसाळा तोंडावर होता. “पाऊस सरला की जाऊन येतो,” म्हणाले.

आता यातला माझा भाग सांगते. आत घेतलेल्या गावाला सुरुवातीला वेळ ठरलेला होता. पाच मिनिटं ते गप्प राहिलं की मशीन त्याला उठवायचं आणि पुढच्याला घ्यायचं. सुनंदाची वाडी हिर्डोशीच्या वर, घाटाच्या अंगाला. तिथली तार रडतखडत चालायची. निरोप अर्धा गेला की तार गप्प व्हायची आणि मशीन वाडीला हाकलायचं. सुनंदा सणाला आली तेव्हा म्हणाली, “आये, नर्सबाई रडकुंडीला येती गं. चार-चार डाव लिवती.” मी दुसऱ्या दिवशी सरांना गाठलं.

“सर, तुमी दारात न्हाई म्हनता ते ठीक हाय. पन एकदा आत घेतल्यावर मानसाला उठवायचं, ही कुठली रीत?”

त्यांना ते लागलं. दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, “काढला वेळ, मावशी. आता आत आलेल्याला कुणी उठवणार नाही.” मी त्या दिवशी त्यांना चहात आलं जास्त घातलं. पुढं वाडीला गेले तेव्हा विहीणबाईंना ऐकवलं, माझ्या शब्दाखातर मशीन बदललं म्हणून.

सुनंदाचं पहिलं बाळंतपण. पहिलं माहेरी करायचं ही आपली रीत, आणि मी तिला आधीच आणायला हवं होतं. पण भाताची लावणी चालू होती. विहीणबाई म्हणाल्या, अजून महिना आहे, लावणीच्या बायकांना भाकरी कोण थापणार. मी म्हटलं, राहू द्या पंधरा दिवस, मग नेते. आणि वर हेही म्हटलं, “हितं सरांचं मशीन हाय. कायबी झालं तर जीप दोन तासांत दारात.” हे मी बोलले. मला कुणी बोलायला लावलं नव्हतं.

त्या दिवशी पहाटेपासून वादळी पाऊस होता. सर पहिल्या एसटीनं नसरापूरला गेले होते. पुण्याहून एक मशीन टेम्पोनं यायचं होतं, ते उतरवून घ्यायला. सकाळी सर्वांत आधी वेल्ह्याकडच्या उंबरवाडीनं आमच्या मशीनला गाठलं. ती आत गेली, निरोप लिहायला लागली, आणि तेवढ्यात तिकडं तारेवर झाड पडलं. आता तार तुटलेलं गाव ‘माझी तार तुटली’ म्हणून कशावरून सांगणार? मेलेला माणूस मी मेलो म्हणून सांगायला येत नाही. मशीन तिची वाट बघत बसलं. उठवायचा वेळ तर आम्ही काढून टाकला होता.

मागून गावं येत गेली आणि शिपाई त्यांना बाकड्यावर बसवत गेला. त्यांत सुनंदाची वाडी होती. तिला पहाटे चारला कळा सुरू झाल्या होत्या आणि सहाला रक्त जायला लागलं होतं. नर्सबाईनं सातला निरोप लिहिला, ‘जीप ताबडतोब.’ पडद्यावर आलं, पाठवला. तिनं घरच्यांना सांगितलं, निरोप गेला, जीप निघाली असेल. पुरुषांनी घोंगडीची डोली बांधून तयार ठेवली होती, तीन मैल उतरलं की डांबरी लागते. माझा जावई म्हणाला, जीप येतीच हाय तर पावसात हिला कशाला हेलपाटायचं. नर्सबाईनं फोन करावा तर वाडीला तार एकच, आणि ती मशीननं अडवलेली. जोडणी झाली आहे असं पडदा सांगत असताना ती कोण तोडेल? मीही तोडली नसती.

इकडं मी आठ वाजता सरांची खोली झाडली. पडद्यावर होतं, ‘आत : उंबरवाडी.’ दहा वाजता टेबल पुसायला गेले तेव्हाही उंबरवाडीच. तिथल्या नर्सबाई पाल्हाळ लावणाऱ्या, पेशंटच्या सासूचा स्वभावसुद्धा लिहायच्या. मी बाहेर येऊन जीपवाल्या दत्तूला चहा दिला आणि म्हटलं, “आज उंबरवाडीनं रामायण लावलंया.” तो हसला. म्हणाला, “बरं हाय की मावशी. घंटी न्हाई का काय न्हाई. समदी खुशाल दिसत्यात.” डॉक्टरही म्हणाले, आज शांत आहे. आम्ही तिघं असे शांत बसलो होतो.

बाकडं भरल्यावर आलेलं सहावं गाव वेल्हे-नसरापूर रस्त्याच्या वरच्या अंगाचं. तिथंही एक बाळंतीण अडली होती, नाव कमल. तिच्या नर्सबाईला पडद्यावर लगेच आलं, ‘जागा नाही.’ तिनं तीनदा करून बघितलं, तीनदा तेच. मग तिनं मशीनच्या नावानं बोटं मोडली, चार गडी बोलावले, कमलला डोलीत घातलं आणि भर पावसात रस्त्याला उतरवलं. दुधाचा टेम्पो चालला होता, त्याच्यापुढं ती बाई आडवी उभी राहिली. टेम्पो नसरापूरला दवाखान्याच्या दाराशी थांबला तेव्हा सर समोरच होते. नर्सबाई भर रस्त्यात त्यांच्यावर ओरडली, “सर, काय पेटवायचंय का तुमचं मशीन? सकाळधरनं घेत न्हाई ते!”

सरांना तेवढ्यावर कळलं. बाकडं सकाळपासून भरलेलं आहे म्हणजे आतला उठलेला नाही. त्यांनी ऑफिसला फोन लावला, आमचा बोलायचा फोन पावसानं मुका होता, मशीनच्या तारा वेगळ्या. मग मिळेल त्या वाहनानं भोरला आले. दारातून आत शिरले ते माझ्याकडं न बघता. मशीन बंद केलं, चालू केलं. बाकड्यावरची पाचही गावं खाली पडली आणि पुन्हा दार ठोठावायला लागली. पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं आहे.

तिसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर वाडीवर आले. मी नको म्हटलं होतं. एसटीतून उतरल्यावर चढ चढताना ते माझ्या मागून चालले. ओट्यावर भावकीतले दहा-बारा पुरुष बसले होते. सर खाली अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, “निरोप सातला पोचला होता. मशीननं तो आम्हाला दाखवला नाही. चूक मशीनची नाही, माझी आहे.”

व्याही म्हणाले, “देवाची मर्जी, सर. तुमी कशापायी सोताला लावून घेता?”

“देवाची नाही, काका. आतल्याला उठवायचा वेळ होता, तो मी काढला होता.”

मी वाट बघितली. कुणाच्या सांगण्यावरून काढला ते आता सांगतील असं मला वाटलं. ते बोलले नाहीत. शेवटी मीच बोलले, “म्या सांगितलं म्हनून काढला.” विहीणबाई उंबऱ्याच्या आत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. त्यानंतर आजपर्यंत त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. जावई उठून मागच्या दारानं शेताकडं निघून गेला. व्याह्यांनी सरांना पाणी दिलं, ते त्यांनी उभ्यानंच प्यायलं.

उतरताना मी विचारलं, “सर, माझं नाव का घेतलं न्हाई?”

“तुम्ही बोललात, मावशी. हात माझा होता.”

पाऊस सरायची वाट त्यांनी बघितली नाही. त्या पावसातच आठही गावं पालथी घातली, एसटी जिथवर जाते तिथवर एसटीनं, पुढं चालत. उठवायचा वेळ पुन्हा लावला. गावागावांतल्या पडद्यांवर नवीन ओळ आली, ‘तुम्ही अजून बाहेर आहात. निरोप कुणी वाचलेला नाही. दुसरी सोय बघा.’ सुनंदाच्या वाडीलाही गेले. तिथल्या नर्सबाईनं मला सांगितलं की काम झाल्यावर ती ओळ ते बराच वेळ वाचत बसले होते, जणू त्यांना कुणी लिहून दिली होती.

मग नोकरी सोडली. संस्थेनं सोडायला सांगितलं नव्हतं. जाताना बाकडं मागून घेतलं आणि हातगाडीवर घालून घरी नेलं. पुढं नसरापूरला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसायचे. मी एकदोनदा गेले. मोबाईल घेऊन आलेल्या माणसाला ते काचेपलीकडूनच सांगायचे, “हा होणार नाही. दुसरा घ्या.” दुकानमालक वैतागायचा, “अहो, ठेवून तरी घ्या, दोन दिवसांनी सांगा.” सर मान हलवून नाही म्हणायचे. गिऱ्हाईक कमी झालं तसं मालकानं त्यांना ठेवलं नाही. शेवटची दोन-तीन वर्षं घरीच होते. दर ईदला त्यांच्या अम्मीकडून शिरखुर्म्याचा डबा यायचा आणि मी तो धुऊन, आत मूठभर आमचा हातसडीचा तांदूळ घालून परत द्यायची. आमचं बोलणं तेवढंच उरलं होतं.

सर काविळीनं गेले. मी मय्यतीला गेले. गल्लीत ते बाकडं मांडलं होतं. आकडे पुसट झाले होते, तीन आणि पाच तेवढे दिसत होते. त्यावर सात माणसं दाटीनं बसली होती आणि कितीतरी उभी होती. परत जा म्हणायला कुणी नव्हतं. अम्मी आतून म्हणाल्या, “मावशी, बसा की.” मी म्हटलं, “न्हाई, उभीच बरी हाय.” जनाजा उठेपर्यंत मी उभी राहिले.

माझ्या दारात आता कुणी काही मागायला आलं आणि मला द्यायचं नसलं तर मी उंबऱ्यावरच सांगते. चहाला बसवत नाही. शेजारणी मला तुसडी म्हणतात. म्हणोत.

त्या सकाळी बाकड्यावर पाच गावं होती. चौघांचे निरोप गोळ्या-औषधांचे होते, ते दुपारी वाचले तरी कुणाचं काही बिघडलं नाही. पाचवं माझ्या लेकीचं. सहाव्याला जागा मिळाली नव्हती. ती कमल जगली. तिला मुलगा झाला, तोही जगला.